जनुकभेद, जनुकांची अभिव्यक्ती आणि मनोविकार

छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी भावनिक विकार म्हणजेच बायपोलर, तीव्र नैराश्य आणि मंत्रचळ हे विकार एखाद्या घरात एकाहून अधिक व्यक्तींना होतात, तेव्हा समाज त्याचा अर्थ दोन प्रकारांनी लावत आला आहे. पहिला अर्थ बाहेरच्या बाधेचा, करणीचा, भानामतीचा आहे. दुसरा अधिक सुशिक्षित वाटणारा, पण परिणामाने तितकाच कठोर असून, ‘त्या घराण्याच्या रक्तातच वेड आहे’ या शब्दांत तो बोलला जातो. पहिल्या अर्थामुळे रुग्ण दवाखान्याऐवजी देवऋषीच्या दारी जातो, दुसऱ्यामुळे त्याच्या बहिणीचे ठरलेले लग्न मोडते, आणि दोन्हींमुळे आजार लपवला जाऊन उपचाराची वर्षे वाया जातात. पहिल्या समजुतीला विज्ञानात आधार नाही, हे पुष्कळदा सांगितले गेले आहे. दुसऱ्या समजुतीत सत्य किती आणि विपर्यास किती, हे मात्र गेल्या वीसेक वर्षांतील आनुवंशशास्त्रामुळेच नेमकेपणाने सांगता येऊ लागले आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा विषय तोच आहे. त्याचे प्रतिपाद्य असे, की मनोविकारांशी संबंधित असलेले बहुतेक आनुवंशिक भेद कोणतेही जनुक बिघडवत नाहीत, तर ते जनुक कोठे, केव्हा आणि किती प्रमाणात काम करील हे थोडेसे बदलतात. आणि प्रश्न प्रमाणाचा असल्यामुळे वारसा हा कोणाही व्यक्तीच्या आयुष्याचा निकाल ठरू शकत नाही.

हा विषय तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ येथे मांडण्यास विशेष औचित्य आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे तालुके आणि खुद्द बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ हा भाग त्या वेळच्या मुंबई राज्याकडे गेला व उरलेला बोथ आंध्र प्रदेशात गेला. प्रशासनाची सीमा अशी तालुक्याच्या मधून गेली, पण सोयरिकी, बाजार आणि भाषा तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या राहिल्या. मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी बोलणारे, विवाहाचे वेगवेगळे नियम पाळणारे समाज येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आहेत, आणि मानवी आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला जे प्रश्न आज सर्वांत महत्त्वाचे वाटतात, ते याच प्रकारच्या प्रदेशात उभे राहतात.

जनुक आणि त्याची अभिव्यक्ती

मानवी पेशीच्या केंद्रकातील डीएनए हा चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला सुमारे तीन अब्ज अक्षरांचा मजकूर आहे आणि या संपूर्ण मजकुराला जीनोम म्हणतात. त्यातील सुमारे वीस हजार विभाग प्रथिने तयार करण्याच्या सूचना देतात; त्यांना जनुके म्हणण्याचा प्रघात आहे. एखाद्या जनुकाची सूचना अमलात यायची, तर प्रथम त्याची नक्कल आरएनए या रेणूच्या रूपात निघावी लागते आणि त्या नकलेवरून पेशी प्रथिन घडवते. नक्कल निघण्यापासून प्रथिन तयार होण्यापर्यंतच्या या क्रियेला जनुकाची अभिव्यक्ती असे नाव आहे. यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनएचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. तरीही त्या इतक्या भिन्न असतात, कारण प्रत्येक पेशीत वेगवेगळी जनुके व्यक्त होतात आणि तीही वेगवेगळ्या प्रमाणात.

हे प्रमाण ठरवणारी व्यवस्था डीएनएच्या मजकुरातच आहे. जनुकाच्या आरंभालगत प्रवर्तक नावाचा भाग असतो, जेथे नक्कल काढणारी यंत्रणा येऊन बसते. त्याशिवाय जनुकापासून कधी काही हजार, तर कधी लाखो अक्षरे दूर वर्धक नावाचे भाग असतात, आणि पेशीच्या केंद्रकात डीएनएची वेटोळी पडत असल्यामुळे हे दूरचे वर्धक प्रवर्तकाच्या निकट येऊन नकलेचा वेग वाढवू शकतात. पाटाच्या पाण्याचे दार किती उघडले आहे यावर जसे शेताला मिळणारे पाणी अवलंबून असते, तसे या नियामक भागांवर जनुकाचे उत्पादन अवलंबून असते. प्रथिनांच्या प्रत्यक्ष सूचना देणारा मजकूर एकंदर जीनोमच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे आणि नियामक भाग उरलेल्या अफाट विस्तारात विखुरलेले आहेत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भेद कोठे सापडले

कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएची तुलना केली, तर सरासरीने दर हजार अक्षरांमागे एखादे अक्षर वेगळे आढळते. अशा फरकांना या व्याख्यानात जनुकभेद म्हटले आहे. छिन्नमनस्कतेच्या बाबतीत हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी व्यक्ती यांच्या जीनोममधील लाखो जागांची तुलना करणारे अभ्यास आंतरराष्ट्रीय सहकार्याने झाले. 2014 मध्ये अशा एका अभ्यासाने या विकाराशी निगडित 108 स्थाने दाखवली आणि 2022 मध्ये 76,755 रुग्णांच्या व 2,43,649 इतर व्यक्तींच्या माहितीवरून ही संख्या 287 वर गेली. या स्थानांपैकी बहुसंख्य ठिकाणी प्रथिनाच्या सूचनेत कोणताही बदल नव्हता. भेद होते ते जनुकांच्या मधल्या किंवा आतल्या, प्रथिनाशी थेट संबंध नसलेल्या भागांत. त्यामुळे हे भेद जनुकाच्या मजकुराऐवजी त्याच्या अभिव्यक्तीवर परिणाम करत असावेत, हे अनुमान बळावले.

अनुमानाची परीक्षा करण्यासाठी एकाच व्यक्तीचा डीएनए आणि तिच्या ऊतींमधील आरएनएचे प्रमाण या दोन्हींची मोजणी आवश्यक असते. एखाद्या ठिकाणी विशिष्ट अक्षर असणाऱ्या व्यक्तींमध्ये एखाद्या जनुकाची नक्कल सातत्याने अधिक किंवा कमी निघत असेल, तर त्या ठिकाणाला अभिव्यक्तीशी निगडित स्थान म्हणतात. अमेरिकेत 2010 मध्ये सुरू झालेल्या जीटेक्स या प्रकल्पाने मरणोत्तर दान केलेल्या ऊतींवरून अशा स्थानांचा नकाशा तयार केला आणि 2020 मधील त्याच्या अखेरच्या मोठ्या विश्लेषणात 838 दात्यांच्या 49 प्रकारच्या ऊतींचा समावेश होता. कॉमनमाइंड या दुसऱ्या सहकार्य प्रकल्पाने 2016 मध्ये मेंदूच्या अग्रखंडातील, म्हणजे नियोजन व निर्णय यांच्याशी संबंधित भागातील, 467 व्यक्तींच्या ऊती तपासल्या, तेव्हा छिन्नमनस्कतेशी निगडित स्थानांपैकी सुमारे एक पंचमांश ठिकाणी अभिव्यक्तीतील बदल कारणीभूत असू शकतो, असे दिसले. उरलेल्या चार पंचमांश स्थानांचे स्पष्टीकरण मिळाले नाही, यामागेही कारणे आहेत. प्रौढाच्या मृत मेंदूचा तुकडा हे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते, आणि काही नियामक भाग एका विशिष्ट प्रकारच्या पेशीत, किंवा गर्भावस्थेतील मेंदूच्या घडणीच्या काही आठवड्यांतच, कार्यरत असतात.

सी-फोर जनुकाचे उदाहरण

या सगळ्या शोधकार्यात सर्वाधिक उलगडलेले उदाहरण सहाव्या गुणसूत्रावरील सी-फोर या जनुकाचे आहे. गुणसूत्राच्या या भागात रोगप्रतिकाराची अनेक जनुके दाटीने वसलेली आहेत आणि छिन्नमनस्कतेशी सर्वांत ठळक संबंध याच भागाचा दिसत होता. मात्र त्यामागचे नेमके जनुक बराच काळ सापडत नव्हते. सी-फोर जनुकाचे ए आणि बी असे दोन प्रकार असतात, प्रत्येक प्रकार लांब किंवा आखूड असू शकतो, आणि व्यक्तीगणिक त्याच्या प्रतींची संख्याही वेगळी असते. स्टीव्हन मॅककॅरोल, बेथ स्टीव्हन्स आणि त्यांचे सहकारी यांनी 2016 मध्ये दाखवले, की या रचनांमुळे मेंदूत सी-फोर-एची अभिव्यक्ती जितकी अधिक होते, तितका छिन्नमनस्कतेचा धोका वाढतो.

सी-फोर हे मुळात रक्तातील जंतूंवर खूण करून प्रतिकारक पेशींना त्यांचा नाश करण्यास सांगणाऱ्या प्रथिनसमूहातील प्रथिन आहे. मेंदूत त्याच समूहाचे वेगळे काम असते. दोन चेतापेशींना जोडणाऱ्या सांध्यांना चेतासंधी म्हणतात. बालपणी त्या गरजेपेक्षा अधिक तयार होतात आणि वाढत्या वयात, विशेषतः किशोरावस्थेत, अनावश्यक चेतासंधींची छाटणी होते. कोणती चेतासंधी काढायची याची खूण करण्यात सी-फोरचा सहभाग असतो आणि उंदरांवरील प्रयोगांत हे जनुक नसताना छाटणी कमी झाली. छिन्नमनस्कता बहुधा किशोरावस्थेच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी का प्रकट होते, आणि या रुग्णांच्या मेंदूच्या बाह्य थराची जाडी कमी का आढळते, या जुन्या कोड्यांना या संशोधनाने प्रथमच एक जैविक दिशा दिली.

मात्र याच उदाहरणातून संयमही शिकावा लागतो. सी-फोरचा सर्वाधिक धोक्याचा प्रकार असणाऱ्या व्यक्तीचा धोका सर्वांत कमी धोक्याच्या प्रकाराच्या तुलनेत सुमारे सव्वापट भरतो. लोकसंख्येत हा विकार शंभरांत सुमारे एका व्यक्तीला होतो, हे लक्षात घेतले, तर हजारांत दहांऐवजी बारा-तेरा जणांना तो होईल, एवढाच त्याचा अर्थ आहे. उरलेले सुमारे 987 जण तोच प्रकार बाळगूनही या विकारापासून मुक्त राहतील. शिवाय 2020 मध्ये असेही दिसून आले, की छिन्नमनस्कतेचा धोका किंचित वाढवणारे सी-फोरचे हेच प्रकार ल्युपस या स्वप्रतिकारक आजारापासून संरक्षण देतात. जे जनुक एका आजाराचा धोका वाढवते तेच दुसऱ्यापासून वाचवत असेल, तर त्याला दूषित ठरवण्याला शास्त्रीय अर्थ उरत नाही.

एका जनुकाच्या शोधाची मर्यादा

अभिव्यक्तीचा विचार करताना शास्त्रानेही एकदा घाई केली होती, आणि ती घटना सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाजवळील एका भागाचे आखूड व लांब असे दोन प्रकार असतात आणि आखूड प्रकारामुळे त्या जनुकाची अभिव्यक्ती कमी होते, असे 1996 मध्ये मांडले गेले. 2003 मध्ये न्यूझीलंडमधील एका अभ्यासाने, आखूड प्रकार असणाऱ्यांना जीवनातील आघातांनंतर नैराश्य अधिक येते असा निष्कर्ष काढला, तेव्हा ही कल्पना जगभर लोकप्रिय झाली आणि तिच्यावर शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. परंतु 2019 मध्ये काही लाख व्यक्तींपर्यंत पोहोचणाऱ्या माहितीवर या आणि अशाच इतर गाजलेल्या जनुकांची फेरतपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी एकाचाही नैराश्याशी विशेष संबंध आढळला नाही. मनोविकारांचा धोका हजारो जनुकभेदांच्या अतिशय लहान लहान परिणामांतून घडतो, म्हणून ‘नैराश्याचे जनुक’ किंवा ‘वेडाचे जनुक’ अशी भाषा करणारी जाहिरात किंवा चाचणी समोर आली, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये.

अन्न, काळ आणि जनुकांवरील खुणा

अभिव्यक्ती केवळ अक्षरांवर ठरत नाही. डीएनएला मिथाइल नावाचा लहानसा रासायनिक गट चिकटला, की त्या जागेच्या जनुकाची नक्कल निघणे बहुधा मंदावते, आणि या खुणा कोठे बसतील यावर आहार, आजार व ताण यांचा प्रभाव पडू शकतो. नेदरलँड्‌समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात नाझी नाकेबंदीमुळे भीषण दुष्काळ पडला. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण पुढे सुमारे दुप्पट आढळले, आणि त्याच दुष्काळाच्या वेळी गर्भात आलेल्या व्यक्तींच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरील मिथाइल खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या असल्याचे 2008 मध्ये नोंदवले गेले. ही दोन निरीक्षणे कारण-परिणामाच्या साखळीने पूर्णपणे जोडली गेलेली नाहीत, तरीही गर्भावस्थेतील उपासमारीचा ठसा दीर्घकाळ टिकतो, याविषयी ती शंका ठेवत नाहीत.

मराठी भाषकांना याहून जवळचे उदाहरण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कार्याचे आहे. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात गर्भवती स्त्रियांपैकी बहुसंख्य स्त्रियांमध्ये ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. मिथाइल गट तयार करण्याच्या शरीरातील रासायनिक क्रियेला हेच जीवनसत्त्व आणि फोलेट लागते. ज्या मातांमध्ये ब-12 अगदी कमी होते त्यांची मुले नऊ वर्षांची झाली, तेव्हा लक्ष एकाग्र करण्याच्या व अल्पकालीन स्मृतीच्या काही चाचण्यांत ती मागे राहिल्याचे दिसले. याज्ञिकांच्या अभ्यासाचा मुख्य विषय मधुमेह होता आणि त्याने मनोविकाराचे निदान केले नाही. पण मेंदूच्या घडणीत मातेच्या आहाराचा वाटा असतो, हे त्याने आपल्याच गावांतील मुलांच्या बाबतीत दाखवले. गर्भवतीच्या ताटात काय वाढले जाते, हा प्रश्न म्हणूनच मानसिक आरोग्याच्याही चर्चेत यायला हवा.

आपला प्रदेश, आपले जीनोम

आतापर्यंत सांगितलेल्या बहुतेक अभ्यासांत एक गंभीर उणीव आहे. 2019 मध्ये केलेल्या मोजणीनुसार जगभरातील अशा आनुवंशिक अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे 79 टक्के लोक युरोपीय वंशाचे होते, आणि त्यांच्या माहितीवरून अनेक जनुकभेदांची बेरीज करून काढलेले धोक्याचे गुणांक दक्षिण आशियाई लोकांना लावले असता त्यांची अचूकता सुमारे 1.6 पटींनी घटत होती. भारतीयांमधील जनुकभेद व त्यांची परस्पर गुंफण वेगळी आहे, आणि याचे मुख्य कारण आपल्या विवाहपद्धतीत आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील, म्हणजे सीसीएमबीतील, लालजी सिंग आणि के. थंगराज यांनी अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ डेव्हिड राइख यांच्यासह 2009 मध्ये दाखवले, की भारतातील अनेक समाज दीर्घकाळ अंतर्विवाहामुळे आपापल्या मर्यादेत राहिले. 2017 मधील पुढच्या अभ्यासात दक्षिण आशियातील 263 समाजांपैकी 81 समाजांमध्ये मूळ पूर्वजांची संख्या अत्यल्प असल्याच्या खुणा, त्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या फिनलंडमधील लोकांपेक्षाही अधिक तीव्र आढळल्या.

आदिलाबादच्या परिसरात यातील वैविध्य एकाच बाजारात भेटते. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात येथील राजगोंडांचा अभ्यास केला, तेव्हा चार, पाच, सहा व सात देवांच्या गटांत विभागलेली त्यांची कुळव्यवस्था आणि गटाच्या आत विवाह न करण्याचा कडक नियम त्यांनी सविस्तर नोंदवला. इरावती कर्वे यांनी 1953 च्या आपल्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांच्या विवाहपद्धतींना जोडणारा पट्टा असल्याचे मांडले, आणि मामाच्या मुलीशी विवाह संमत असणाऱ्या चालीरीती या सीमेच्या दोन्ही बाजूंना परिचित आहेत. जनुकभेद कोणत्या समाजात किती साठतात, हे अशा नियमांवर अवलंबून असते.

तेलंगण व आंध्रातील वैश्य समाजाचे उदाहरण याचे व्यावहारिक महत्त्व दाखवते. भूल देताना स्नायू शिथिल करण्यासाठी वापरले जाणारे सक्सिनिलकोलिन हे औषध रक्तातील एका विकराने, म्हणजे एन्झाइमने, काही मिनिटांत विघटित होते. हा विकर निष्प्रभ करणारा एक जनुकभेद या समाजात इतरांपेक्षा बऱ्याच अधिक प्रमाणात आढळतो आणि ज्यांना तो दोन्ही पालकांकडून मिळतो त्यांचे स्नायू दीर्घकाळ लुळे राहून कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज पडू शकते. मानसोपचारात दिल्या जाणाऱ्या विद्युत उपचारापूर्वीही हेच औषध वापरले जाते, आणि भूल व स्नायुशिथिलक यांच्याविना तो उपचार देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. त्यामुळे पूर्वीच्या शस्त्रक्रियेत कोणा नातेवाइकाला भुलेनंतर श्वासाचा असा त्रास झाला होता काय, हे कुटुंबाने डॉक्टरांना सांगणे हा जीव वाचवणारा उपाय ठरतो. हा भेद मनोविकाराचा नसून उपचाराच्या सुरक्षिततेचा आहे. आपल्या लोकांचे जीनोम माहीत असण्याचा पहिला लाभ असा साधा आणि तत्काळ असू शकतो.

देशात आता याची पायाभरणी होत आहे. जीनोम इंडिया प्रकल्पाने 83 समाजगटांतील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जीनोमचे वाचन केले आणि जानेवारी 2025 मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली करण्यात आली. बंगळूरुच्या निम्हान्स या संस्थेने राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र व मूलपेशी संशोधन संस्था यांच्यासह, ज्या कुटुंबांत एकाहून अधिक जवळच्या नातेवाइकांना छिन्नमनस्कता, द्विध्रुवी विकार, मंत्रचळ, व्यसनाधीनता किंवा स्मृतिभ्रंश आहे अशा कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. या अभ्यासात रुग्णाच्या व त्याच्या निरोगी भावंडाच्या रक्तातील पेशींपासून मूलपेशी आणि त्यांच्यापासून चेतापेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. त्यामुळे जिवंत माणसाच्या मेंदूला हात न लावता त्याच्या चेतापेशींत कोणती जनुके किती प्रमाणात व्यक्त होतात, हे पाहता येते. अशा संशोधनात सहभागी होणारी कुटुंबे समाजाच्या कृतज्ञतेस पात्र आहेत. त्यांची संमती त्यांना समजणाऱ्या भाषेत, म्हणजे येथे मराठीत, तेलुगूत आणि गोंडीत घेतली जावी आणि त्यांची माहिती गोपनीय राहावी, हा त्यांचा हक्क आहे.

कुटुंबांनी यातून काय घ्यावे

आनुवंशिकतेचा वाटा नाकारण्याचे कारण नाही, कारण छिन्नमनस्कतेत तो मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला हा विकार असेल, तर अपत्याला तो होण्याची शक्यता सुमारे दहा टक्के असते. याचाच दुसरा अर्थ असा, की दहांपैकी नऊ अपत्यांना तो होत नाही. एकसारखा डीएनए असलेल्या जुळ्यांपैकी एकाला विकार झाला, तरीही सुमारे निम्म्या जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. रक्त तपासून कोणाला मनोविकार होईल हे सांगणारी विश्वासार्ह चाचणी आज उपलब्ध नाही, म्हणून विवाह ठरवताना अशी चाचणी मागणे किंवा दूरच्या नातेवाइकाच्या आजारावरून मुलीला नकार देणे यांना विज्ञानाचा कोणताही आधार नाही. आई-वडिलांनी मुलाच्या आजारासाठी स्वतःला, किंवा सासरच्यांनी सुनेला दोष देणे, हेही तितकेच निराधार आहे.

उपचारांच्या बाबतीत मात्र थांबण्याचे कारण नाही, कारण विकाराची कारणे पूर्णपणे उमगण्याच्या कितीतरी आधीपासून उपचार परिणामकारक ठरत आले आहेत. द्विध्रुवी विकारात लिथियमचा उपयोग 1949 पासून माहीत आहे. निम्हान्सने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. त्यांत तेलंगण नव्हते आणि महाराष्ट्रही नव्हता. आणि त्या बारा राज्यांत विविध मनोविकार असलेल्यांपैकी 70 ते 92 टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. बोथच्या एखाद्या घरात तरुण मुलाचे बोलणे विसंगत होऊ लागले, झोप उडाली, त्याला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले किंवा कोणी जीव देण्याची भाषा करू लागले, तर घरच्यांनी आदिलाबादच्या रिम्ससारख्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे विनाविलंब जावे, कुटुंबातील पूर्वीचे आजार आणि त्यांना लागू पडलेली औषधे डॉक्टरांपासून लपवू नयेत, आणि तातडीच्या मार्गदर्शनासाठी केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या 14416 या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य, आशा कार्यकर्त्या आणि कुळातील जाणती मंडळी यांनी हा क्रमांक घरोघरी पोहोचवावा, आणि ‘घराण्यात वेड आहे’ हे वाक्य कोणत्याही सोयरिकीच्या बैठकीत उच्चारले जाणार नाही याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी.